शाळा लहान, पण शिक्षण लहान नको

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि शाळा पाहायला आलेल्या पालकहो,

आपल्या शाळेत वर्ग सात, शिक्षक तीन आणि पट दरवर्षी थोडा थोडा उतरत चाललेला. "झेडपीच्या शाळंत काय शिकिवत्यात?" असे लोक म्हणतात आणि जून उजाडला की आणखी एक-दोन नावे काढली जातात. पाचगणी म्हणजे शाळांचे गाव. इंग्रजांच्या काळापासून तेथे निवासी शाळा आहेत. त्यांच्या इमारती आणि मैदाने पाहिली की आपली कौलारू शाळा कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, हे साहजिक आहे. परंतु इमारत आणि टाय-बूट यांवरून शिक्षण मोजू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग मोजायचे कशावरून? माझ्या मते तीन गोष्टींवरून. मुलाने पूर्वी न पाहिलेले पान वाचावे आणि त्याचा अर्थ आपल्या शब्दांत सांगावा. हातच्याची बेरीज करावी आणि हातचा का घेतला तेही सांगावे. आणि समजले नाही तर न भिता उभे राहून विचारावे. या तीन गोष्टी जिथे येतात ती शाळा चांगली, मग ती मराठी असो की इंग्रजी.

या कामी लहान शाळेला एक मोठी सोय आहे. साठ पोरांच्या वर्गात मागच्या बाकावरच्याची वाचायची पाळी आठवड्यातून एकदा आली तर आली. आपल्याकडे ती रोज येऊ शकते. शिवाय शेजारी बसलेल्या चौथीचा धडा तिसरीच्या कानांवर आपोआप पडतो.

साध्या शाळेतही उत्तम शिक्षण होते, हे आपल्याच जिल्ह्यात सातारा तालुक्यातील कुमठे बीटाच्या जिल्हा परिषद शाळांनी दाखवले. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी फरशीवर आकृत्या आखल्या, खडे, काड्या, मणी मुलांच्या हातात दिले आणि मुलांना स्वतः करून शिकू दिले. ते काम पाहायला राज्यभरातून शिक्षक आले. २०१५ साली राज्याने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा या शाळांचे उदाहरण सगळ्यांपुढे होते. खडे आणि काड्या आपल्याकडे काय कमी आहेत?

पण नुसते कौतुक करून भागणार नाही. दुखणेही सांगितले पाहिजे. एक गुरुजी मीटिंगला गेले आणि दुसरे माहिती भरायला बसले की सातही वर्ग एकट्या बाईंवर पडतात. मग "पान उतरवून काढा" असे सांगावे लागते. उतरवून काढणे म्हणजे शिकणे नव्हे. पण बाई तरी काय करतील? शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात पहिली ते पाचवीच्या ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असा हिशेब आहे. तो डोकी मोजतो, इयत्ता मोजत नाही. मात्र जनगणना, निवडणूक आणि आपत्तीचे काम सोडून शिक्षकांना शिकवण्याबाहेरच्या कामाला लावू नये, हेही त्याच कायद्यात आहे. पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे.

सप्टेंबर २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार राज्यात पुढे आला. अशा शाळा १४ हजारांवर होत्या. मोठ्या शाळेत मैदान मिळेल, वर्गागणिक शिक्षक मिळेल, हे म्हणणे खोटे नाही. पण आपला डोंगर, पाऊस आणि धुके यांचाही विचार नको का? शेजारच्या जावळी तालुक्यातील खिरखंडीच्या मुली शाळेसाठी स्वतः होडी वल्हवून कोयनेचे पाणी ओलांडत आणि पुढे जंगलातून चालत जात. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याची स्वतःहून दखल घेतली. त्या मुली धीराच्या खऱ्या, पण प्रत्येक घराला तेवढा धीर होईल काय? शाळा लांब गेली तर आधी धाकट्यांची आणि मुलींची शाळा सुटेल, अशी मला भीती वाटते. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी हा नियम उगीच केलेला नाही.

म्हणून पालकहो, तुम्हांला हात जोडून विनंती. नाव काढायच्या आधी एक दिवस शाळेत येऊन तासभर बसा. कुठलेही पान उघडून आपल्या पोराला वाचायला लावा. नाही आले तर का नाही, ते विचारा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असा कायदाच आहे. स्ट्रॉबेरीच्या तोडणीत कुणाला सवड नसते, हे आम्हांलाही ठाऊक आहे. सुट्टीच्या दिवशी आम्हीपण वाफ्यातच असतो. मग सभा रात्री जेवणानंतर घ्या, पण घ्या.

आणि मित्रांनो, सगळे मोठ्यांवर ढकलू नका. सहावी-सातवीच्या प्रत्येकाने पहिली-दुसरीचे एक मूल वाटून घ्यावे आणि रोज दहा मिनिटे त्याचे वाचन ऐकावे. गुरुजी मीटिंगला गेले तरी यात खंड पडायचे कारण नाही. वाचायला काय द्यायचे, असे म्हणू नका. आपले भिलार २०१७ पासून पुस्तकांचे गाव आहे. लांबलांबची माणसे तिथे वाचायला येतात आणि आपण जवळ असून जात नाही!

येत्या सोमवारपासून सुरुवात करू. ज्यांना हे पटले त्यांनी या फलकाच्या खाली लावलेल्या कागदावर आपले नाव लिहावे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी