साधा रेझर मागे का टाकता?

चार-पाच पात्यांच्या महागड्या रेझरच्या जाहिराती पाहून आमचे अनेक कटलरीवाले बांधव साधा सेफ्टी रेझर मागच्या फळीवर टाकतात. आमच्या मते यात धंद्याचाच तोटा आहे. जादा पाती केस ओढून कातडीखाली कापतात. कुरळ्या केसांच्या माणसाला मग गळ्यावर पुटकुळ्या येतात. (गाल-गळ्यावर रेझर बरेच दाढीवालेही फिरवतात!) साध्या रेझरचे दोनधारी पाते स्वस्त, आणि ते घ्यायला गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येते. मात्र विकताना त्याला नीट समजावून सांगा. केस कोमट पाण्याने भिजवावेत, रेझर सुमारे ३० अंशांत धरावा, दाबू नये. गळ्यावर केस वाटेल तसे वाढतात, म्हणून आधी बोटाने चाचपून त्यांच्या दिशेनेच फिरवावा. पाते ओढू लागले की बदलावे.