क्लॅट असो वा सीईटी, धडधड तीच; पण चुकीची किंमत वेगळी!

छत्रपती संभाजीनगर : बारावीनंतर कांचनवाडीतील महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठात प्रवेश हवा असेल तर ‘क्लॅट’ द्यावी लागते. शहरातल्याच माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालयात जायचे तर राज्याची ‘विधी सीईटी’. अनेक विद्यार्थी दोन्ही देतात आणि दोन्हीकडे सारखेच घाबरतात. मात्र चुकीचा हिशेब दोन्हीकडे वेगळा आहे. गुण जातात ते तिथेच.

नियम काय?

क्लॅटमध्ये १२० मिनिटांत १२० प्रश्न असतात. बरोबर उत्तराला १ गुण, चुकीला पाव गुण वजा, सोडलेल्या प्रश्नाला शून्य. सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही. त्यामुळे तिथे एकही प्रश्न कोरा सोडू नये.

आकडे काय सांगतात?

क्लॅटमध्ये १०० प्रश्न सोडवले, ७० बरोबर आले, तर हाती ६२.५ गुण. ८५ सोडवले, ६८ बरोबर आले, तर ६३.७५. म्हणजे १५ प्रश्न कमी सोडवूनही गुण जास्त! पण अतिसावधपणाही महागात पडतो. चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद झाले, तर उत्तर द्यावेच. अशा १६ प्रश्नांत निम्मे चुकले तरी ६ गुण पदरात पडतात.

धडधड कशी आवरायची?

‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हटल्याने टेन्शन जात नाही. काय करायचे हे आधीच ठरलेले असेल, तर ते कमी होते. पहिल्या फेरीत खात्रीचे प्रश्न, दुसऱ्या फेरीत दोन पर्यायांत अडकलेले, उरलेले शेवटी. सराव परीक्षा क्लॅटच्याच वेळेत, म्हणजे दुपारी २ ते ४, आणि ओएमआर शीटवर द्यावी. कायद्याच्या प्रश्नात उताऱ्यात दिलेला नियमच लावावा. स्वतःला न्याय्य वाटते ते नव्हे.

खरे दुखणे वेगळेच

क्लॅटचा पेपर फक्त इंग्रजीत असतो. सीईटी मराठीतही देता येते. मराठी माध्यमातल्या मुलाला जी भीती वाटते, ती अनेकदा वाचनाच्या वेगाची अडचण असते. त्यावर धीराचे शब्द पुरत नाहीत. रोज इंग्रजी उतारे घड्याळ लावून वाचावे लागतात.

म्हणूनच सराव परीक्षेनंतर क्लासने आणि घरच्यांनी ‘किती सोडवले?’ हा प्रश्न बंद करावा. ‘किती चुकले आणि का?’ हे विचारावे. वाचण्यात चूक, माहिती नव्हती की घाईत अंदाज मारला, एवढे वहीत लिहिले तरी पुढच्या पेपरला काय सुधारायचे ते कळते.