आकाशाशी दोस्ती : कॉम्प्युटरला तारे दाखवायचे कोणी?

दोस्तांनो, कळ दाबली की ‘घुर्रर्र’ आवाज करत आपोआप हव्या त्या ग्रहाकडे वळणारी दुर्बीण तुम्ही पाहिली असेल. तिला ‘गो-टू’ दुर्बीण म्हणतात. तिच्या पोटात कॉम्प्युटर असतो आणि त्याला हजारो ताऱ्यांचे पत्ते पाठ असतात. काही शाळांत आणि हौशी मंडळांत अशी दुर्बीण असते. एखाद्या घरातही पैसे साठवून ती घेतलेली असते.

पण पुष्कळदा होतं काय? रिमोटवर ‘शनी’ निवडावा, तर आयपीसमध्ये नुसता अंधार! दोन-तीनदा असं झालं की ‘बिघडलीय’ म्हणून दुर्बीण खोक्यात जाते आणि वर्षभर तिथेच राहते. खरं तर बहुतेक वेळा ती बिघडलेली नसतेच. एक साधी गोष्ट आपण विसरतो. या कॉम्प्युटरला आकाश दिसत नाही! आपण कुठे आहोत, किती वाजलेत आणि समोरचा तारा कोणता, हे सारं त्याला आपणच सांगायचं असतं.

समजा, जानेवारीच्या मध्यावर अमावास्येच्या आसपास तुम्ही गुहागर तालुक्यातल्या वेळणेश्वरला आहात. काळोख छान आहे, रात्रीचे साडेआठ वाजलेत आणि गावातली वीस-पंचवीस मुलं रांगेत उभी आहेत. त्यांना रिकामं आकाश दाखवून कसं चालेल? मग करू या तयारी.

पाय घट्ट हवेत

वेळणेश्वरची पुळण कितीही सुंदर असली तरी दुर्बीण तिथे मांडू नका. वाळूत स्टँडचे पाय हळूहळू रुततात. एक पाय थोडा खचला तरी दुर्बीण कलते, पण कॉम्प्युटरला ते कळतच नाही. शिवाय खारा वारा भिंगा-आरशांना वाईट. त्यापेक्षा चोपलेलं अंगण बरं. पुळणीवरच मांडायची असेल, तर प्रत्येक पायाखाली जांभ्याचा चिरा किंवा जाड फळी ठेवा. मग गवंडीकाकांकडची पाणसळ ठेवून स्टँड सपाट आहे ना, ते बघा.

पत्ता आणि घड्याळ

वेळणेश्वर आहे सुमारे १७.४ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७३.२ अंश पूर्व रेखांशावर. आपलं घड्याळ मात्र ८२.५ अंश रेखांशाप्रमाणे चालतं. फरक झाला ९.३ अंशांचा. पृथ्वी १ अंश फिरायला ४ मिनिटं घेते, म्हणजे वेळणेश्वरचं आकाश आपल्या घड्याळाच्या सुमारे ३७ मिनिटं मागे असतं! हा हिशेब कॉम्प्युटर स्वतः करतो, पण रेखांश आणि वेळ बरोबर दिली तरच.

इथे तीन फसगती होतात. पहिली तारखेची. काही यंत्रं आधी महिना विचारतात, मग दिवस. ५ जानेवारी आपल्या सवयीनं ०५/०१ अशी भरली की यंत्र समजतं, १ मे! दुसरी फसगत अर्ध्या तासाची. आपली वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. यंत्रात साडेपाचचा पर्याय नसेल, तर विभाग शून्य ठेवा आणि ग्रिनिचची वेळ भरा. आपले रात्रीचे साडेआठ म्हणजे तिथले दुपारचे तीन. तिसरी उन्हाळी वेळेची. काही देशांत उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात. आपल्याकडे तशी पद्धत नाही, म्हणून तो पर्याय बंद ठेवा.

अर्ध्या तासाच्या चुकीनं काय बिघडतं? आकाश तेवढ्यात साडेसात अंश सरकतं, म्हणजे पंधरा पूर्णचंद्र ओळीनं ठेवल्याएवढं! यंत्र पहिल्याच ताऱ्यासाठी भलतीकडे वळतं आणि तिथे दिसेल तो तारा आपण खरा मानून बसतो.

दोन ओळखीचे तारे

आता सगळ्यांत महत्त्वाचं काम. कॉम्प्युटरला दोन तारे दाखवायचे. जानेवारीत साडेआठला आग्नेयेला व्याध दिसतो आणि ईशान्येला ब्रह्महृदय. ही जोडी उत्तम, कारण दोघे एकमेकांपासून लांब आहेत. जवळजवळचे तारे घेतले, तर छोटी चूक दूरच्या आकाशात मोठी होते. अगदी डोक्यावरचा तारा नको, कारण तिथे दिशा ठरवताना गडबड होते. अगदी क्षितिजालगतचाही नको. तिथे हवेमुळे प्रकाश वाकतो आणि तारा असतो त्यापेक्षा सुमारे अर्धा अंश वर दिसतो. वेळणेश्वरला समुद्रात टेकलेला सूर्य दिसतो ना? तो खरं म्हणजे तेव्हा क्षितिजाखाली गेलेला असतो!

आणि ओळख पक्की हवी. व्याधाच्या उजवीकडे, खूप खाली, अगस्त्य चमकत असतो. आकाशातला हा दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा. व्याध समजून तो दाखवलात, तर पुढची सगळी रात्र चुकली म्हणून समजा.

मधोमध म्हणजे मधोमध

तारा ‘साधारण मध्ये’ आला की पुष्कळ जण घाईनं बटण दाबतात. इथेच अचूकपणा हातचा जातो. १२५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला २५ मिलिमीटरचा आयपीस लावला, तर १२५० भागिले २५, म्हणजे ५० पट मोठं दिसतं आणि साधारण एक अंश आकाश मावतं. १० मिलिमीटरच्या आयपीसनं १२५ पट दिसतं, पण आकाश अर्ध्या अंशाहून कमी. म्हणून तारा आधी मोठ्या आयपीसनं शोधा, मग छोटा लावून अगदी मधोमध आणा.

आणखी एक गुपित! सायकलचं पेडल मागे फिरवून पुन्हा पुढे मारलं, तर आधी ते थोडं मोकळंच फिरतं, मग साखळी पकडते. दुर्बिणीच्या दातेरी चाकांतही अशी ढिलाई असते. मेकॅनिक तिला ‘प्ले’ म्हणतात. म्हणून तारा मध्ये आणताना शेवटची हालचाल नेहमी एकाच बाजूनं करा. बऱ्याच यंत्रांत ती ‘वर’ आणि ‘उजवी’ या कळांनी करायची असते. तुमच्या यंत्राची पुस्तिका बघा.

फाइंडर, म्हणजे वरची छोटी दुर्बीण, उजेडातच मुख्य दुर्बिणीशी जुळवून घ्या. त्यासाठी माडाचा शेंडा नको, तो वाऱ्यानं हलतो. लांबच्या टॉवरचं टोक चांगलं. पण सूर्याकडे दुर्बीण चुकूनही वळवू नका. डोळा कायमचा जाऊ शकतो.

चुकांची वही

आता मृगातला तेजोमेघ मागवा. थोडा बाजूला आला? मग जवळच्या राजन्य ताऱ्याकडे जा, तो मधोमध आणा आणि ‘सिंक’ची सोय असेल तर ती वापरा. त्या भागातली चूक खूप कमी होईल. वहीत दहा ठिकाणांच्या चुका लिहा : कुठे, किती वाजता, कोणत्या बाजूला. रात्र सरते तशी चूक वाढत असेल, तर पाय खचतोय किंवा एखादा स्क्रू ढिला आहे. सुरुवातीपासूनच सगळीकडे चूक असेल, तर दोन ताऱ्यांचं काम पुन्हा करा.

हसू नका, मोठे शास्त्रज्ञही हेच करतात! पुणे जिल्ह्यात गिरवली इथे आयुका संस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण आहे आणि खोडदजवळ जीएमआरटीच्या ४५ मीटरच्या ३० रेडिओ-थाळ्या. अशा यंत्रांनाही आधी ठाऊक असलेल्या ठिकाणांकडे वळवून चूक मोजतात आणि ती गणितात भरतात.

आपल्याकडे यासाठी एक जुना शब्द आहे, ‘दृक्प्रत्यय’. गणितानं सांगितलेला ग्रह डोळ्यांनाही तिथेच दिसला पाहिजे. एकोणिसाव्या शतकात पंचांगातलं गणित आणि खरं आकाश जुळेना, तेव्हा महाराष्ट्रात यावर मोठे वाद झाले. ते नीट समजावून सांगणाऱ्यांपैकी एक होते शंकर बाळकृष्ण दीक्षित. त्यांचा जन्म १८५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्याच मुरूडचा. त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास’ हा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला.

तेव्हा पालकांनो, खोक्यातली दुर्बीण बाहेर काढा आणि एक संध्याकाळ मुलांना द्या. दुर्बीण नसलेल्या दोस्तांनी हिरमुसायचं कारण नाही. व्याध, ब्रह्महृदय, अगस्त्य आणि राजन्य हे चार तारे या थंडीत नुसत्या डोळ्यांनी ओळखायला शिका. उद्या कुठे अशी दुर्बीण मांडली, तर कॉम्प्युटरला वाट दाखवायला तुम्हालाच पुढे बोलावतील. मग, करणार ना सुरुवात?