अठरा नखं आणि सहा महिने

कुत्र्याच्या पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना बहुधा चार-चार, अशी एकूण अठरा नखं. त्यातलं एखादं तुटलं तर घरात कोणी फारसं मनावर घेत नाही, आणि त्यात चूकही नाही. जिन्याच्या फटीत अडकलं असेल, गल्लीतल्या भांडणात उपटलं असेल. झाशीत तर कारण शोधायला लांब जावं लागत नाही. सगळा बुंदेलखंडी ग्रॅनाइटचा मुलूख. किल्ल्याची टेकडीसुद्धा त्याच खडकाची. पावसाळा सरला की मोकळ्या जागांत सराटे माजतात. पाय दुखावायला एवढं पुरे.

घोळ सुरू होतो तो दुसरं नख गळाल्यावर. मग तिसरं, आणि तेही वेगळ्याच पायाचं. काही आठवड्यांत चारही पंजांवर तोच प्रकार.

जवळून पाहिलं तर काय दिसतं? नख मुळाशी सैल होतं. वरचं टणक कवच आतल्या गाभ्यापासून सुटून लोंबकळायला लागतं आणि खालचा लाल, नाजूक, रक्तवाहिन्यांनी भरलेला भाग उघडा पडतो. आपल्या बोटाचं नख उचकटलं तर जी कळ येते, तशी कळ चारही पायांत. पायपुसण्याच्या सुतात कवच अडकलं की कुत्रा किंचाळतो. एरवी तो पंजा तोंडात धरून तासन्‌तास चाटत बसतो. रंगाने पांढरा असेल तर लाळेने बोटांमधले केस तांबूस पडतात. फरशीवरची टकटक थांबते. जिना चढायचा नाही, पलंगावर उडी मारायची नाही. नवं नख येतं तेही आखूड, वेडंवाकडं, भुसभुशीत, आणि पुन्हा फाटतं.

गंमत अशी, की बाकीचा कुत्रा ठणठणीत असतो. भूक चांगली, अंगावरची कातडी स्वच्छ, ताप नाही. नेमकी हीच सर्वांत मोठी खूण आहे, आणि नेमकी तीच नजरेतून सुटते.

या दुखण्याला पशुवैद्यक ‘सिमेट्रिकल ल्युपॉइड ऑनिकोडिस्ट्रॉफी’ म्हणतात. नाव जडजंबाळ आहे, पण लिहून ठेवावं. पुढे ते उपयोगी पडतं. शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच नखांच्या मुळांवर उलटते आणि नख घडवणाऱ्या पेशींचा थर खिळखिळा करते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे पशुत्वचारोगतज्ज्ञ डॅनी स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ ते १९९३ या काळातल्या १८ कुत्र्यांच्या नोंदी तपासून १९९५ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला, तेव्हापासून हे नाव रुळलं. राल्फ म्युलर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये आणखी ३० कुत्र्यांच्या उपचारांचा आढावा घेतला. नॉर्वेत गॉर्डन सेटर आणि इंग्लिश सेटर जातींत हा आजार इतका दिसला, की तिथे त्याचा स्वतंत्र अभ्यास झाला. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये गॉर्डन सेटर, बिअर्डेड कोली आणि जायंट श्नाउझर या जातींची तपासणी केली आणि रोगप्रतिकारशक्तीच्या काही विशिष्ट जनुकांशी त्याचा संबंध दाखवला. या जाती झाशीत कोण पाळतो, असं कोणी म्हणेल. पण जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर आणि रॉटवायलर यांतही हा आजार आढळतो, आणि हे तिघे तर सिव्हिल लाइन्सपासून सिप्री बाजारापर्यंत घरोघरी आहेत. आजार बहुधा ऐन तारुण्यात, तीन ते आठ वर्षांच्या दरम्यान डोकं वर काढतो. तो एका कुत्र्याचा दुसऱ्याला लागत नाही, मुलांनाही नाही. बाळ रांगतंय म्हणून कुत्रा बाहेर बांधायचं कारण नाही.

तरीही आपल्याकडे पहिला शिक्का बसतो तो ‘फंगल’ असा. दहा दिवस अँटिबायोटिक, मग महिनाभर बुरशीचं औषध, मधल्या काळात शेजारच्या काकूंची हळद आणि कडुनिंबाचं तेल. बुरशी नखांना होते, नाही असं नाही. पण ती सहसा एकदोन नखांवर असते, अठराच्या अठरा नखांवर नाही. उघड्या पडलेल्या गाभ्यात जंतू शिरतात, पू होतो, अँटिबायोटिकने तो सुकतो आणि सगळ्यांना वाटतं, निदान बरोबर होतं. पुढचं नख सुटेपर्यंत.

खरं तर दोष कोणा एका डॉक्टरचा नाही. जिल्ह्याची सरकारी पशुवैद्यकीय व्यवस्था गाय, म्हैस, शेळी यांच्यासाठी उभी आहे: लसीकरण, कृत्रिम रेतन, दूध. बुंदेलखंडात तीच रोजीरोटी असल्यामुळे ते रास्तही आहे. झाशीतली भारतीय चरागाह व चारा संशोधन संस्था १९६२ पासून आहे, तीसुद्धा चाऱ्यासाठी. राणी लक्ष्मीबाई केंद्रीय कृषी विद्यापीठ २०१४ च्या कायद्याने आलं आणि त्याचं पशुवैद्यक महाविद्यालय शेजारच्या दतिया जिल्ह्यात निघालं. ही जवळ आलेली मोठीच सोय. त्यापलीकडे मथुरेचं पशुवैद्यक विद्यापीठ आहे आणि बरेलीजवळ इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था.   राणी लक्ष्मीबाईचं लग्न जिथे १८४२ मध्ये लागलं त्या गणेश मंदिराच्या आसपासची मराठी मंडळी आजारी माणसाला घेऊन अजूनही पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडे धाव घेतात. कुत्र्याला घेऊन तशी धाव घेता येत नाही. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात लंगडणारं चाळीस किलोचं जनावर रेल्वेने नेणं म्हणजे काय, ते नेणाऱ्यालाच विचारावं.

म्हणून या स्तंभाचं म्हणणं असं, की बहुतेक कुत्र्यांना झाशी सोडायची गरजच नाही. या आजाराचं निदान मोठ्या यंत्रांवर कमी आणि कथेवर जास्त अवलंबून असतं: किती नखं, किती पाय, किती आठवड्यांत, बाकी प्रकृती कशी. सुटलेल्या नखाचा चुरा आणि खालचा स्राव सूक्ष्मदर्शकाखाली पाहून बुरशी आणि जंतूंचा संशय फेडता येतो. तेवढं कोणत्याही बऱ्या दवाखान्यात होतं. अडचण येते ती ‘पक्कं’ निदान हवं म्हटल्यावर. जुन्या पद्धतीत त्यासाठी बोटाचं शेवटचं हाड नखासकट काढून प्रयोगशाळेत पाठवत. १९९९ मध्ये म्युलर आणि थिएरी ऑलिव्ही यांनी हाड न काढता नखाच्या मुळाचा नमुना घेण्याची पद्धत मांडली. शिवाय कथा आणि पंजे दोन्ही जुळत असतील, तर अनेक त्वचारोगतज्ज्ञ नमुना न घेताच उपचार सुरू करतात. तेव्हा कोणी पहिल्याच भेटीत बोट काढायची भाषा केली, तर मालकाने थांबावं आणि ते लिहून ठेवलेलं जडजंबाळ नाव डॉक्टरांपुढे ठेवावं. एकाच बोटाला सूज असेल तर गोष्ट वेगळी. तिथे गाठीचा संशय असतो आणि कापणं गरजेचं ठरू शकतं.

औषधंही दुर्मिळ नाहीत. डॉक्सीसायक्लिन गोचीडतापासाठी हरेक मेडिकलवाल्याकडे असतं. इथे ते जंतू मारायला नव्हे, दाह शमवायला वापरतात, आणि जोडीला निकोटिनामाइड, म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार. दुकानदार त्याऐवजी नायसिन देऊ करतो. ते घेऊ नये. नाव जवळचं असलं तरी काम तेच नाही. सोबत ओमेगा-३ असलेलं माशाचं तेल. इथेही एक गफलत नेहमीची: कॉडलिव्हर तेलाच्या पिवळ्या गोळ्या म्हणजे हे तेल नव्हे. त्यांत अ आणि ड जीवनसत्त्वं असतात आणि मोठ्या मात्रेत ती बाधतात. एवढ्याने भागलं नाही तर पेंटॉक्सिफायलिन, स्टिरॉइड, सायक्लोस्पोरिन अशी चढती पायरी. स्टिरॉइडने कुत्रा सारखा पाणी पितो, सारखा मुततो आणि ताटाकडे आशाळभूतपणे पाहतो. ते मनाने अचानक बंद करायचं नसतं. सायक्लोस्पोरिन मोठ्या कुत्र्याला खिशाच्या बाहेर जातं. मात्रा वजनावर ठरते, म्हणून ती इथे दिलेली नाही.

वेदनेचं काय? घरातल्या डब्यातली डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल कुत्र्याला कधीच देऊ नये. पोटात व्रण, मूत्रपिंड किंवा यकृत निकामी, काहीही होऊ शकतं. आधीच स्टिरॉइड चालू असेल तर धोका आणखी मोठा. झाशीकरांना डायक्लोफेनॅकची वेगळी ओळख करून द्यायला नको. शेजारच्या ओरछ्यात बेतवेकाठच्या छत्र्यांवर गिधाडं घरटी करतात, आणि देशभरातली गिधाडं याच औषधाने मारली. ते दिलेली गुरं मेली की त्यांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं बंद पडत. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. कुत्र्यासाठी सुरक्षित वेदनाशामकं वेगळी आहेत, ती डॉक्टरांकडूनच घ्यावीत.

रोजचं जगणं मात्र औषधापेक्षा पंजांभोवती फिरतं. अर्धवट सुटलेली नखं ओढायची नाहीत. फार सैल असतील तर डॉक्टर भूल देऊन ती काढतात आणि कुत्र्याला त्याच दिवशी हलकं वाटतं. उरलेली नखं सतत आखूड ठेवावी लागतात. कात्रीने ती दाबली जाऊन उभी चिरतात, म्हणून फिरत्या कानशीचं छोटं यंत्र बरं. पहिले काही दिवस ते नुसतं चालू करून शेजारी ठेवायचं आणि पोळीचा तुकडा द्यायचा; मग एक नख, मग दोन. उन्हाळ्यात फिरायला पहाटे न्यायचं, कारण उघडा गाभा आणि तापलेलं डांबर यांचं जमत नाही. घरातल्या गुळगुळीत फरशीवर नख नसलेला पाय घसरतो, तेव्हा कुत्र्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर रबरी चटया टाकाव्यात. सुती मोजे चालतात, पण ओले झाले की लगेच काढायचे. आणि अशा कुत्र्याची पिल्लं घ्यायची नाहीत, मग वंशावळीचा कागद कितीही भारी असो.

आजार बहुधा आयुष्यभराचा असतो. तो आटोक्यात राहतो. औषध कमी केलं तर काही कुत्र्यांत पुन्हा उफाळतो, काहींत नाही. आटोक्यात आलेला कुत्रा धावतो, उकरतो, दार खरवडतो. नखं थोडी बेढब राहिली तरी त्याचं काही अडत नाही.

सर्वांत अवघड जातं ते थांबणं. नख मुळापासून वाढतं, त्यामुळे औषध लागू पडतंय की नाही हे कळायला तीन-चार महिने आणि पूर्ण नख दिसायला सहाच्या वर जातात. सहाव्या आठवड्यात चौथा डॉक्टर गाठणारे मालक इथेच फसतात: प्रत्येक जण नव्याने सुरुवात करतो आणि कोणतंच औषध पुरतं चालत नाही. त्यापेक्षा दर रविवारी चारही पंजांचे फोटो काढा, तारखेसकट जपा. नखाच्या टोकाकडे पाहू नका, ते जुनं आहे. कातडीलगतची वाढ गुळगुळीत आणि घट्ट दिसत असेल तर औषध चालू ठेवा. चार महिन्यांनंतरही ती भुसभुशीतच असेल तर तेच फोटो घेऊन त्याच डॉक्टरांकडे जा आणि पुढची पायरी विचारा.