नकाशाबाहेरचे स्लोव्हेन

स्लोव्हेनियाची लोकसंख्या वीस लाखांच्या थोडी वर, म्हणजे एकट्या पुणे शहराहूनही कमी. या देशाला स्वतःचं राज्य मिळालं १९९१ साली, पण त्याच्या भाषेचं पहिलं व्याकरण १५८४ सालचं आहे. आडम बोहोरिचचं हे व्याकरण लॅटिनमध्ये होतं आणि ते छापलं गेलं जर्मनीत, विटेनबर्गला. त्याच वर्षी त्याच गावात युरी दाल्मातिनने केलेलं संपूर्ण बायबलचं भाषांतर निघालं. पहिली छापील स्लोव्हेन पुस्तकं १५५० सालची. तीही जर्मनीतच, ट्युबिंगनमध्ये छापलेली, कारण ती लिहिणाऱ्या प्रिमोझ त्रुबार या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाला मायदेश सोडून पळावं लागलं होतं. या भाषेचा सर्वांत जुना लिखित पुरावा म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीची फ्रायझिंगची हस्तलिखितं. ती आजही म्युनिकच्या ग्रंथालयात आहेत.

थोडक्यात, ही भाषा कागदावर आली तीच परमुलखात. म्हणून तिच्या अभ्यासकांना तरी घराबाहेर गेलेल्या माणसाची जाण असेल, असं वाटावं. इतिहास तसं सांगत नाही.

एकोणिसाव्या शतकात स्लाव्ह भाषांच्या अभ्यासाचं एक मोठं ठाणं व्हिएन्ना होतं, आणि तिथे दोन पिढ्या स्लोव्हेन माणसांचा शब्द चालत होता. येर्ने कोपितार शाही ग्रंथालयात नोकरीला होता आणि स्लाव्ह पुस्तकांचा सरकारी सेन्सॉरही होता. आपल्या भाषेचं नेटकं व्याकरण लिहायचं आणि दिवसभर दुसऱ्यांच्या पुस्तकांवर लाल रेघा ओढायच्या, अशी त्याची दुहेरी चाकरी. त्याच्या मागून आलेल्या फ्रान्त्स मिक्लोशिचला १८४९ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठात स्लाव्ह भाषाशास्त्राचं पहिलं अध्यासन मिळालं. मिक्लोशिचचं एक काम आपल्याला विशेष जवळचं वाटावं. युरोपातल्या रोमा लोकांची भाषा भारतीय कुळातली आहे हे तोवर ठाऊक झालं होतं. ही माणसं युरोपात आली कोणत्या वाटेने, हे मिक्लोशिचने त्यांच्या बोलींत शिरलेल्या परक्या शब्दांवरून शोधलं. युरोपभरच्या रोमा बोलींमध्ये ग्रीक शब्द सापडतात, तेव्हा त्यांचे पूर्वज ग्रीक मुलखात दीर्घकाळ राहिले असले पाहिजेत, हा त्याचा निष्कर्ष. भटक्यांच्या बोलीतली भेसळ त्याने दोष मानली नाही, तिच्यावरून त्यांचा प्रवास वाचला. स्वतःच्या स्थलांतरितांची बोली अशी वाचायला स्लोव्हेन विद्वत्तेला पुढे शंभरेक वर्षं लागली.

या शंभर वर्षांत स्लोव्हेन भाषेचा अभ्यास थंडावला होता असं नाही. १८७०च्या दशकात यान बोदुएँ द कुर्तने हा पोलिश भाषाशास्त्रज्ञ इटलीच्या ईशान्य टोकाला, आल्प्समधल्या रेझियाच्या खोऱ्यात गेला. तिथल्या स्लाव्ह बोलीतले विलक्षण स्वर त्याने कानांनी टिपले आणि १८७५ मध्ये त्यावर प्रबंध छापला. मग स्लोव्हेन मुलूख ज्यात होता ते ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य कोसळलं आणि १९१९ मध्ये स्लोव्हेनियात ल्युब्ल्याना विद्यापीठ उभं राहिलं. ३ डिसेंबरला तिथलं पहिलं व्याख्यान झालं ते भाषाशास्त्रज्ञ फ्रान रामोव्श यांचं. नव्या विद्यापीठाने श्रीगणेशा भाषेच्या इतिहासापासून करावा, यातच सगळं आलं. पुढल्याच वर्षी ल्युसिएन तेनिएर हा तरुण फ्रेंच माणूस तिथे फ्रेंच शिकवायला आला आणि द्विवचनाच्या नादी लागला. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना द्विवचनाची रूपं घोकताना आलेला वैताग आठवत असेल. स्लोव्हेन शेतकरी दोन गायींबद्दल बोलताना आजही ती रूपं सहज वापरतो. कुठल्या गावात ती शाबूत आहेत आणि कुठे झिजली आहेत, हे दाखवणारा नकाशासंग्रह तेनिएरने १९२५ मध्ये पॅरिसला छापला. रामोव्श यांनी १९३४ मध्ये आखलेल्या बोलींच्या नकाशासंग्रहाचा पहिला खंड निघाला २०११ मध्ये. त्यात इटली, ऑस्ट्रिया, हंगेरीतली स्लोव्हेन गावंही आहेत. राज्याच्या सीमा ओलांडायला हे अभ्यासक कचरत नव्हते.

अमेरिकेतलं क्लीव्हलंड मात्र त्यात नाही. अभ्यासकाला हवा होता बांधावर उभा असलेला, पिढ्यान्पिढ्या जागचा न हललेला म्हातारा. त्याची मुलं जहाजात बसली की ती अभ्यासाच्या विषयातूनच गळत.

आणि मुलं तर लोंढ्याने जात होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पहिल्या महायुद्धापर्यंत तुकड्यांत वाटल्या गेलेल्या, कर्जात बुडालेल्या शेतांवरून माणसं मिशिगनच्या तांब्याच्या खाणींत, मिनेसोटाच्या लोखंडाच्या खाणींत आणि क्लीव्हलंडच्या पोलाद कारखान्यांत गेली. खाणीत माणूस मेला तर त्याच्या बायकोमुलांना विचारणारं कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी वर्गणी काढून परस्पर-साहाय्य संस्था उभारल्या. कॅथलिकांची १८९४ मध्ये जोलिएटला निघाली, स्वतंत्र विचारांच्या लोकांची १९०४ मध्ये शिकागोत. या विमा मंडळांनीच वर्तमानपत्रं चालवली, नाटकं बसवली. क्लीव्हलंडच्या सेंट क्लेअर रस्त्यावर १९२४ मध्ये उघडलेलं ‘स्लोव्हेनियन नॅशनल होम’ अशाच पैशातून उभं राहिलं. तिथल्या बोलण्यात खाणीला ‘मायना’ आणि दुकानाला ‘श्टोर’ हे शब्द रुळले होते. ल्युब्ल्यानातल्या शुद्धतावाद्यांच्या लेखी हा निव्वळ ऱ्हास होता.

गंमत अशी की, परदेशी गेलेल्या स्लोव्हेनांनी दुसऱ्यांच्या भाषांचा अभ्यास मन लावून केला. फ्रिडरिक बरागा हा मिशनरी १८३०च्या सुमारास अमेरिकेच्या उत्तरेकडच्या सरोवरांच्या प्रदेशात गेला आणि त्याने ओजिब्वे आदिवासींच्या भाषेचं व्याकरण १८५० मध्ये, तर शब्दकोश १८५३ मध्ये छापला. लुई अ‍ॅडमिक १९१३ मध्ये पोरवयात अमेरिकेला गेला. इंग्रजीत लिहून नावारूपाला आल्यावर मायदेशी फेरी मारून त्याने लिहिलेलं पुस्तक १९३४ मध्ये अमेरिकेत धडाधड खपलं. स्लोव्हेनिया तेव्हा ज्यात होता त्या युगोस्लाव्हियाच्या राजवटीने त्यावर बंदी घातली. पुढे अ‍ॅडमिकने सगळ्याच स्थलांतरितांचं अमेरिकन समाजातलं स्थान हा आपला विषय केला. प्राध्यापकांच्या कितीतरी आधी या पत्रकाराला कळलं होतं की, गेलेला माणूस म्हणजे केवळ देशाच्या खात्यातली वजाबाकी नव्हे.

सर्वांत उशिरा नजर गेली बायकांकडे. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि अलेक्झांड्रिया, कैरो इथे युरोपीय व्यापाऱ्यांची श्रीमंत घरं वाढली. त्या घरांना स्वयंपाकिणी, आया आणि दूधआया हव्या होत्या. विपावा खोऱ्यातल्या आणि गोरित्सा शहराभोवतीच्या खेड्यांतून, प्र्वाचिना, बिल्ये, मिरेन अशा गावांतून, बायका त्रिएस्त बंदर गाठून इजिप्तला निघाल्या. काही अगदी ओल्या बाळंतिणी होत्या. स्वतःचं काही महिन्यांचं मूल सासूच्या किंवा शेजारणीच्या ओटीत टाकायचं आणि दुसऱ्याच्या मुलाला पाजायला समुद्रापार जायचं. दूधआईची मिळकत गावच्या मजुरीच्या कितीतरी पट होती. पहिल्या महायुद्धात सोचा नदीच्या आघाडीने ही गावं जमीनदोस्त केली आणि नंतर प्रदेश इटलीकडे गेला. १९२० मध्ये त्रिएस्तमधलं स्लोव्हेनांचं सांस्कृतिक भवन फॅसिस्टांनी जाळलं, काही वर्षांत स्लोव्हेन शाळा बंद झाल्या. घरं पुन्हा बांधली गेली, गहाण जमिनी सुटल्या त्या बऱ्याच अंशी इजिप्तहून येणाऱ्या पैशांवर. परतलेल्या बाईला दोन-तीन भाषा येत, टेबलावर काटे-चमचे कसे मांडायचे ते कळे, आणि पोटचं मूल मात्र तिला ओळखत नसे.

गावाने पैसे घेतले आणि वर तिला नावंही ठेवली. प्रवचनांतून, गाण्यांतून तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडत राहिले. घरच्यांनी फोटो आणि पत्रं पेटीच्या तळाशी टाकली. बोलीभाषेचे अभ्यासक त्याच खोऱ्यात वह्या घेऊन हिंडत होते, पण नांगराच्या भागांची नावं विचारताना या पेट्या उघडायचं कोणाच्या मनात आलं नाही. दोरित्सा माकुत्स या पत्रकार-लेखिकेचं या बायकांवरचं पुस्तक आलं १९९३ मध्ये. त्यानंतर संशोधक मागे राहिलेल्या मुलांच्या मुलाखती घेऊ लागले. ती मुलं तेव्हा आजी-आजोबा झालेली होती आणि त्यांच्या आया बहुतेक गेलेल्या होत्या. प्र्वाचिनात आज या बायकांचं छोटं संग्रहालय आहे. ते झालं हे चांगलंच, पण ज्यांची बाजू ऐकायची होती त्यांची साक्ष कायमची हुकली. याला केवळ उशीर म्हणणं मला सौम्य वाटतं.

बायकांच्या बाबतीत लाज आडवी आली, तर अर्जेंटिनाच्या बाबतीत राजकारण. १९४५ नंतर कम्युनिस्ट सत्तेपासून पळालेले सुमारे सहा हजार स्लोव्हेन ब्युनोस आयर्स आणि आसपासच्या भागात स्थिरावले. त्यांनी शनिवारच्या शाळा काढल्या, १९५४ मध्ये सांस्कृतिक मंडळ स्थापून वाङ्मयीन नियतकालिक चालवलं. तिसऱ्या पिढीपर्यंत भाषा इतकी धड राहिली की तिकडे या प्रकाराला चमत्कार म्हणतात. या लोकांची पुस्तकं मायदेशातल्या ग्रंथालयात होती, पण राखीव संग्रहात, सामान्य वाचकाला सहज न मिळणारी. स्थलांतराच्या अभ्यासाला वाहिलेलं ‘द्वे दोमोविनी’, म्हणजे दोन मायदेश, हे नियतकालिक ल्युब्ल्यानात निघालं १९९० साली. स्थलांतरितांच्या साहित्याचा तीन खंडांतला इतिहास आला १९९९ मध्ये. राज्यव्यवस्था बदलली तेव्हा कुठे संशोधनाची हद्द सरकली. तोवर हा भार बाहेरच्यांनी वाहिला. अमेरिकेतली ‘सोसायटी फॉर स्लोव्हेन स्टडीज’ १९७३ सालची आहे, आणि मिनेसोटा विद्यापीठाच्या संग्रहात स्लोव्हेन स्थलांतरितांची कागदपत्रं केव्हापासून जमा होत होती.

आज या विषयाला प्रतिष्ठा आहे, संस्था आहेत, परिषदा आहेत. म्हणूनच आता पाहायचं ते दुसरीकडे. ज्या देशातून माणसं जात, त्या देशात माणसं येऊ लागली त्यालाही अर्धशतक उलटलं. बोस्निया, सर्बिया, कोसोवोहून कारखान्यांत आणि बांधकामांवर कामाला आलेल्यांपैकी अनेकांची नावं स्वतंत्र झालेल्या स्लोव्हेनियाने फेब्रुवारी १९९२ मध्ये कायम रहिवाशांच्या नोंदवहीतून काढून टाकली. एकूण २५,६७१ माणसं एका फटक्यात कागदावरून नाहीशी झाली. ल्युब्ल्यानाच्या फुझिने वस्तीत त्यांची मुलं जी बोली बोलतात, तिच्यात स्लोव्हेन आणि दक्षिणेकडच्या भाषा सरमिसळ नांदतात, सेंट क्लेअर रस्त्यावर स्लोव्हेन आणि इंग्रजी नांदत होत्या तशाच. गोरान वोय्नोविच याने २००८ मध्ये त्या बोलीत कादंबरी लिहिली. दक्षिणेकडून आलेल्यांना हिणवायला वापरली जाणारी शिवी त्याने थेट शीर्षकातच घातली. पोलिसांच्या वरिष्ठांनी लेखकाविरुद्ध कारवाईची मागणी केली आणि ती गृहमंत्र्यांना मागे घ्यायला लावावी लागली. २००९ मध्ये या कादंबरीला देशातला कादंबरीचा सर्वांत मानाचा पुरस्कार मिळाला. स्थलांतराच्या अभ्यासकांपैकी यान्या झित्निक यांच्यासारख्या काहींनी क्लीव्हलंड आणि ब्युनोस आयर्सच्या साहित्यावर काम केल्यानंतर या नव्या लेखकांनाही अभ्यासाच्या कक्षेत घेतलं आहे. बोलींच्या नकाशावर काम करणाऱ्यांनी आता फुझिनेची बस पकडावी. विद्यापीठापासून ती वस्ती फार लांब नाही.