पत्रिकेतली आई

लग्नसराईत घरी येणाऱ्या काही पत्रिकांवर वधूची किंवा वराची विधवा आई ‘गं. भा.’, म्हणजे गंगाभागीरथी, म्हणून छापलेली असते. काहींवर तीही नसते. ‘कै. अमुक यांची कनिष्ठ कन्या’ एवढाच परिचय, आणि निमंत्रक म्हणून काका किंवा मामा. कार्यालय ठरवणारी, याद्या करणारी, प्रसंगी दागिना गहाण टाकणारी बाई स्वतःच्या लेकीच्या पत्रिकेत सापडत नाही.

‘गं. भा.’ ही मानाची उपाधी आहे, असं तिचे समर्थक सांगतात. मान आहे तर तो नवरा गेल्यावरच का? बायको वारलेला पुरुष आधी ‘श्री.’ असतो, नंतरही ‘श्री.’च राहतो. एप्रिल २०२३ मध्ये ‘विधवा’ऐवजी हीच उपाधी सरकारी व्यवहारात आणण्याचा प्रस्ताव चर्चेला आला, तेव्हा त्याला कडाडून विरोध झाला.

‘रीतच आहे’ हा दुसरा बचाव तर टिकतच नाही. एके काळी पत्रिकांत वधूवरांचा ‘शरीरसंबंध’ योजल्याचं सर्रास छापत. तो शब्द गेला. लग्नं थांबली नाहीत.

अवघड आहे तो तिसरा बचाव. पुष्कळदा आईच म्हणते, ‘शुभकार्य आहे, माझं नाव नको.’ मग घरचे म्हणतात, तिचीच इच्छा! पण ही इच्छा आली कुठून? हळदीला मागे उभं राहायचं, ओटी भरायला पुढे व्हायचं नाही, हे वर्षानुवर्षं शिकवल्यावर तिनं दुसरं काय म्हणावं? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. इतर गावांनीही तसं करावं, असं परिपत्रक शासनानं त्याच महिन्यात काढलं. गाव ठराव करू शकतं, तर चार माणसांच्या घरानं आईची समजूत घालायला काय हरकत आहे? तिला एकदा नव्हे, चारदा विचारावं.

निमंत्रकांत पहिलं नाव तिचं असावं, पूर्ण. वडिलांचं नाव परिचयात आदरानं यावं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव वडिलांच्या आधी लागतं. पत्रिकेनं मागे का राहावं? नुसतं ‘गं. भा.’ काढून ‘श्रीमती’ लिहिलं तरी भागत नाही, कारण शेजारी विहीणबाई ‘सौ.’ असल्या की भेद तसाच दिसतो. म्हणून दोन्ही घरांनी मजकूर छपाईला देण्याआधी एकत्र बसून ठरवावं: दोघी विहिणी ‘श्रीमती’, नाहीतर दोघींची नावं उपाधीवाचून.