धनगराचा कुत्रा

दिवाळी सरली, की सिन्नर, येवले, नांदगाव अशा कोरड्या तालुक्यांतून मेंढरांचे कळप चाऱ्याच्या शोधार्थ बाहेर पडतात. घोड्यावर बिऱ्हाड असते आणि मागेपुढे दोनतीन कुत्री. ही कुत्री दृष्टीस पडताच आमच्या काही विद्यार्थ्यांचे हात धोंड्याकडे वळतात, आणि पालकही त्यांस बेवारशी म्हणून मोकळे होतात. हा समज अगदी चुकीचा आहे, असे आमचे मत आहे.

पोर्तुगाल देशात मेंढपाळांची कुत्री दोन प्रकारची. सेरा द आयरेश जातीचा झिपऱ्या केसांचा कुत्रा कळप हाकतो, चुकार मेंढरू वळवून आणतो. सेरा द एश्त्रेला जातीचा धिप्पाड कुत्रा लांडग्यापासून कळप राखतो. आमच्या धनगराचा कुत्रा या दुसऱ्या पंथाचा. त्याचे खरे काम रात्रीचे, मेंढरांच्या जाळीबाहेर. परक्यावर भुंकणे हा त्याचा दुर्गुण नव्हे. तीच त्याची चाकरी होय. पिलू मेंढरांतच वाढते, म्हणून मेंढरांस आपले गणगोत समजते. ईयोबाच्या ग्रंथातही कळपाच्या कुत्र्यांचा उल्लेख आहे. तो फारसा आदराचा नाही, ही गोष्ट निराळी!

लांडग्यास १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. तेव्हा कळप वाचवावयाचा तर विष घालून नव्हे, कुत्रा राखूनच वाचविला पाहिजे. पोर्तुगालात लांडग्याचा कैवार घेणारी मंडळीच मेंढपाळांस राखणीची पिले देतात व त्यांच्या औषधपाण्याकडे लक्ष पुरवितात. आमच्याकडे या कुत्र्याच्या वाट्यास धन्याच्या ताटातली भाकरी येते, पण लस क्वचितच. कारण बिऱ्हाड एका गावी टिकत नाही. पिसाळलेल्या जनावराशी प्रथम गाठ पडते ती याचीच, आणि त्याच्या शेजारी धनगराची लेकरे निजलेली असतात. पिलू तीन महिन्यांचे होताच पहिली लस व पुढे वेळच्या वेळी पुन्हा, एवढ्याने हे संकट टळते. कोणास कुत्रा चावलाच, तर हळद किंवा चुना न लावता जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी व तत्काळ इस्पितळ गाठावे.

आमच्या पालकांपैकी पुष्कळ जण शेतकरी आहेत. लेंडीखतासाठी ते आपल्या रानात कळप बसवितात आणि त्याचा मोबदला धान्याने वा पैशाने चुकता करतात. तो ठरविताना कुत्र्यांच्या लशीचेही बोलणे त्यांनी करावे. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना कोठे आहे, हे फिरत्या धनगरास ठाऊक नसते, त्यांस असते.